दोघांची नगरपालिका

सेराफिन नावाची शिडाची होडी अवघी २४ फूट ४ इंच लांब होती. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्यानं ती कॅलिफोर्नियात स्वतःच्या हातांनी बांधली, १९६८ साली पाण्यात सोडली आणि पुढे अकरा वर्षं तिच्यातच संसार करत पृथ्वीला फेरी घातली. होडीला इंजिन नव्हतं. वारा पडला की मागे उभं राहून एका लांबलचक वल्ह्यानं ती हलवायची. उजेडाला रॉकेलचे दिवे, जागा शोधायला सेक्स्टंट आणि संडासाच्या जागी बादली. १९८३ मध्ये त्यांनी तालेसिन ही दुसरी होडी पाण्यात सोडली. ती पाच फुटांनी मोठी होती आणि तिच्यात बसून आंघोळ करण्यापुरता एक छोटा टबही होता. इंजिन मात्र हिलाही नव्हतंच. याच होडीतून दोघांनी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेचं केप हॉर्नचं टोक पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे तिथल्या नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध, ओलांडलं. लिन यांची उंची पाच फुटांहूनही कमी, हे या संदर्भात सांगायला हवं. कारण ‘हे काम धिप्पाड माणसांचं’ असा आपला एक समज असतो.

पार्डींचं उदाहरण टोकाचं आहे. आज कॅरिबियन बेटं, भूमध्य समुद्र, पॉलिनेशिया, आग्नेय आशिया अशा भागांत हजारो जोडपी शिडाच्या नौकेवर राहतात, आणि त्यांच्याकडे इंजिन, फ्रिज, सौर पॅनेल, उपग्रह इंटरनेट सगळं असतं. यात फ्रेंच, ब्रिटिश, डच, अमेरिकन, न्यूझीलंडचे लोक बरेच. पुष्कळसे निवृत्तीच्या आगेमागे घर विकून निघालेले, काही तरुण, लॅपटॉपवर नोकरी करणारे. नौका साधारण ३५ ते ४५ फुटांची. लांबी ऐकून मोठी वाटते, पण सर्वांत रुंद जागी ती जेमतेम १२ फूट असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. पुढच्या टोकाला त्रिकोणी बिछाना, मध्ये बैठक, एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, नकाशाचं टेबल, एक संडास, मागे अजून एक झोपायची जागा. दहा बाय बाराच्या खोलीत चाळकऱ्यांनी जसे संसार केले तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही खोली चालू लागली की पंधरा-वीस अंशांत एका कुशीवर कलते आणि दिवसेंदिवस तशीच राहते. त्यामुळे प्रत्येक कपाटाला खटका, प्रत्येक टेबलाला उंच कड, आणि चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला.

अशा जगण्याची छायाचित्रं आपण पाहिलेली असतात. त्यांत बहुधा सूर्यास्त असतो आणि हातात पेला असतो. सूर्यास्त खोटा नाही, पण तो दिवसातला अर्धा तास. उरलेल्या वेळात काय होतं हे समजून घ्यायचं तर आधी आपल्याच घराकडे बघावं लागेल. आपला संसार दोघांचा असतो असं आपण म्हणतो खरं, पण तो चालतो शेकडो लोकांच्या जिवावर. पाणी पालिका आणते, वीज कंपनी देते, कचरा कोणीतरी नेतं, नळ गळला तर प्लंबर येतो, कोपऱ्यावर वाणी असतो, रात्री गुरखा काठी आपटत फिरतो. होडीवर ही सगळी खाती दोघांनी सांभाळायची. मोठ्या प्रवासाला निघालेलं जोडपं म्हणजे दोन माणसांची नगरपालिका, आणि तिचे करदातेही तेच दोघे.

पहिलं खातं पाण्याचं. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. नौकेच्या टाक्यांत एकूण ३००-४०० लिटर मावतात. शहरी हिशेबानं ते दोघांना एक-दीड दिवस पुरतील. दर्यावर्दी जोडपं त्यात महिना काढतं, कारण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार-पाच लिटर लागतात आणि बाकी सगळं समुद्राच्या पाण्यावर भागवता येतं. ओट्याशी दोन नळ असतात, एक गोड्या पाण्याचा, एक खाऱ्या. दोन्ही बरेचदा पायानं दाबायच्या पंपाचे, कारण हातानं उघडायचा नळ वाहता राहतो आणि पायाचा पंप पाय थकला की थांबतो. भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हबका. आंघोळही डेकवर समुद्राच्या बादलीनं. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसाळत नाही, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे त्याचा चिकट साका होतो. म्हणून अंगाला भांडी घासायचा द्रव साबण लावतात. शेवटचं पाणी मात्र गोडंच हवं, लिटरभर का होईना. कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. खाऱ्या पाण्यात धुतलेली चादर दिवसभर उन्हात वाळवली तरी रात्री पुन्हा दमट होते, आणि कातडीवर राहिलेल्या मिठानं पुरळ उठतं.

अलीकडे बऱ्याच नौकांवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासेक पट दाबानं एका पडद्यातून रेटलं की क्षार मागे राहतात. छोटी यंत्रं बॅटरीवर तासाला पंचवीस-तीस लिटर देतात. पण या पडद्याची मर्जी सांभाळावी लागते. बंदरातल्या पाण्यात तेलाचा तवंग असतो, त्यानं तो बाद होतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननंही होतो. आणि वापर थांबला तर त्यावर जंतू वाढतात. शहाणी जोडपी म्हणूनच यंत्र असलं तरी टाक्या दोन ठेवतात, एक बिघडली तर दुसरी, आणि शिवाय चार कॅन भरलेले. उष्ण कटिबंधात पावसाच्या सरी येतात तेव्हा डेकवर ताणलेल्या कापडाला मध्ये भोक पाडून पाणी थेट टाकीत सोडतात. पहिली काही मिनिटं ते वाहू द्यायचं, कापडावरचं मीठ धुऊन जाईपर्यंत.

वीज हे दुसरं खातं. सकाळी उठल्यावर नौकेवर पहिली चौकशी होते ती रात्रीत बॅटरीतून किती गेले याची. ‘किती’ म्हणजे अँपिअर-तास. बारा व्होल्टच्या बॅटऱ्या, वर चार-सहाशे वॉटची पॅनेलं, आणि सर्वांत मोठा खादाड म्हणजे फ्रिज. शिशाच्या जुन्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, त्याहून खाली गेलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. गेल्या दशकात लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि हा जाच बराच कमी झाला. तरीही दिवस आखला जातो तो उन्हाप्रमाणे. दुपारी बारा ते तीन हा सुगीचा वेळ, तेव्हा पाण्याचं यंत्र चालवायचं, लॅपटॉप भरून घ्यायचे. डोलकाठीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज धाडकन उतरते, म्हणून नांगर टाकल्यावर शिडाचा आडवा दांडा दोरीनं बाजूला ओढून बांधतात. तीन दिवस ढग राहिले की इंजिन तासभर चालवावं लागतं, आणि त्या तासात गप्पा बंद.

खुल्या समुद्रात वीज खाणारा अजून एक गडी असतो, स्वयंचलित सुकाणू. दोन माणसांनी चोवीस तास आळीपाळीनं सुकाणू धरायचं ठरवलं तर चौथ्या दिवशी दोघंही कामातून जातील. यावर वीज न लागणारा एक फार सुंदर उपाय आहे. १९६० साली एकट्या माणसांनी अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली. तिची कल्पना ब्लाँडी हॅस्लर या निवृत्त ब्रिटिश नौसैनिकाची, आणि वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूच्या आद्य रचनाकारांपैकीही ते एक. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ती शर्यत ४० दिवसांत जिंकली. त्यांच्या यंत्राचं नाव मिरांडा. या यंत्राचा आज रूढ असलेला प्रकार असा: होडीच्या मागे हवेत एक उभी फळी असते, तिची कड वाऱ्याकडे लावून ठेवलेली. होडी मार्ग सोडून वळली की वारा फळीच्या पाठीवर बसतो आणि ती कलंडते. कलंडताना ती पाण्यात सोडलेलं एक पातं किंचित पिळते. होडीच्या वेगानं वाहणारं पाणी त्या पिळलेल्या पात्याला जोरानं बाजूला ढकलतं, आणि पात्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढतात. होडी पुन्हा मार्गावर येते, फळी उभी राहते. म्हणजे इशारा वाऱ्याचा आणि ताकद पाण्याची. न जेवणारा, न कुरकुरणारा तिसरा खलाशी. बहुतेक जोडपी त्याला नाव ठेवतात, आणि भांडण झालं की काही जण त्याच्याशीच बोलतात असं म्हणतात.

पण सर्वांत कठीण खातं झोपेचं, आणि जमिनीवरच्या माणसाला ते सहज सुचत नाही. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत व्यापारी वाऱ्यांचा मार्ग सुमारे २,७०० सागरी मैलांचा. नौकेचा सरासरी वेग पाच-सहा सागरी मैल, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. सायकलवाला तिला मागे टाकेल. तीन आठवडे लागतात. रात्र झाली म्हणून थांबता येत नाही, कारण खाली चार-पाच किलोमीटर खोल पाणी, नांगर टाकणार कुठे? होडी चोवीस तास चालते आणि दोघांपैकी एकानं जागं असावं लागतं. कोणी तीन-तीन तासांच्या पाळ्या करतं, कोणी चार-चार, कोणी रात्री एकेक सहा तासांची.

जागं राहायचं ते कशासाठी? जहाजांसाठी. होडीवरच्या माणसाचे डोळे पाण्यापासून अडीच-तीन मीटर उंच असतात, तिथून क्षितिज सहा किलोमीटरवरच संपतं. मालवाहू जहाज उंच असल्यानं त्याच्या बरंच आधी दिसतं, पण ते वीस मैलांच्या वेगानं येतं. क्षितिजावर दिवा दिसल्यापासून जहाज अंगावर येईपर्यंत वीसेक मिनिटं मिळतात, कधी कमीही. म्हणून पाळीवरचा माणूस स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटांवर लावतो, उठतो, चारी दिशांना नीट बघतो, पुन्हा लावतो. हल्ली जहाजं आपलं नाव, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत असतात आणि ती छोट्या पडद्यावर उमटतात, त्यामुळे काम सोपं झालंय. मासेमारीच्या होड्या मात्र पुष्कळदा हे यंत्र बाळगत नाहीत, किंवा बंद ठेवतात. समुद्री नियमांत मोटरच्या जहाजानं शिडाच्या नौकेला सहसा वाट द्यायची असते. तीनशे मीटर लांबीच्या जहाजाला हा नियम ऐकवायला जाण्यात मात्र अर्थ नाही.

पहिले तीन दिवस भयंकर. झोपेची लय बिघडलेली, त्यात बोट लागलेली. आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना खोली स्थिर दिसते, आणि या मतभेदाचा निकाल पोट लावतं. अनुभवी माणसांनाही बंदरात महिनाभर राहून निघाल्यावर हे पुन्हा भोगावं लागतं. चौथ्या दिवसाच्या सुमारास शरीर मान्य करतं. मग एक गंमत लक्षात येते, की चाळीस फुटांत कोंडलेलं हे जोडपं एकमेकांना जवळजवळ भेटतच नाही. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. बोलणं होतं ते पाळी बदलताना, पहाटे तीनला, वारा कुठून, जहाज कुठलं, केटलीत पाणी आहे का, एवढंच. उरलेलं नोंदवहीत. ज्यांना वाटतं की चोवीस तास एकत्र राहून ही माणसं एकमेकांना विटत कशी नाहीत, त्यांना हे उत्तर पुरावं. बहुतेक जण सूर्यास्ताआधीचं जेवण एकत्र घ्यायचा दंडक पाळतात. ते दिवसातलं एकमेव पूर्ण वाक्यांचं संभाषण.

पाळीचा एक नियम सगळीकडे सारखा आहे: दुसरा झोपलेला असताना त्याला उठवल्याशिवाय मागची बसायची जागा सोडून डेकवर पुढे जायचं नाही, आणि रात्री तर कमरेचा पट्टा दोरीनं होडीला अडकवल्याखेरीज बाहेरच यायचं नाही. पुरुषांनी कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही, हे त्याचंच पोटकलम. कारण साधं आहे. एक जण पाण्यात पडला तर आवाज होत नाही. सुकाणू वारा सांभाळत होडी नेत राहतं. झोपलेला तीन तासांनी उठतो तेव्हा जागा रिकामी असते आणि होडी पंधरा मैल पुढे आलेली असते.

स्वयंपाकाकडे वळू. शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली असते, होडी कलली तरी ती सपाट राहते. भांड्यांना धरणारे चिमटे असतात. रांधणारा स्वतःला पाठीमागून पट्ट्यानं ओट्याशी बांधून घेतो. खवळलेल्या समुद्रात काही जण उघड्या पायांनी आणि बनियनवर स्वयंपाक करतच नाहीत, जाड रबरी पँट घालूनच शेगडीशी उभे राहतात, कारण उकळत्या पाण्यानं भाजणं ही तिथली एक नेहमीची गंभीर दुखापत आहे. आपल्या प्रेशर कुकरला या जगात फार मान आहे, आणि तो शिट्ट्यांपेक्षा झाकणासाठी: पडला तरी आमटी आतच राहते. गॅसची तऱ्हा आणखी निराळी. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. घरात गळला तर दाराखालून निघून जाऊ शकतो, होडीच्या तळाला दार नसतं. तो तिथे साचून ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद पेटीत, आणि पेटीला थेट समुद्राच्या बाजूला उघडणारं भोक.

भाजीपाल्याचं एक पिढीजात शास्त्र आहे. कोबी आठवडेच्या आठवडे टिकतो, बाहेरचं पान पान काढत जायचं. कांदे, बटाटे, लाल भोपळा, लिंबं टिकतात. अंडी न धुतलेली आणि कधीही फ्रिजमध्ये न गेलेली घ्यायची. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. ती दर काही दिवसांनी उलटी करायची, म्हणजे बलक कवचाला चिकटत नाही. केळ्यांचा घड हौसेनं मागे टांगतात आणि तो सगळा एकाच दिवशी पिकतो. पुठ्ठ्याचं खोकं होडीवर आणायचं नाही, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. डब्यांवरचे कागद आधीच काढून नाव मार्करनं लिहायचं, नाहीतर ओलीनं कागद सुटून पंपात अडकतात आणि डब्यात वाटाणे आहेत की पीच हे उघडल्यावरच कळतं. लिन पार्डी यांनी जपानपासून कॅनडापर्यंतच्या ४९ दिवसांच्या प्रवासात रोज काय शिजलं याची नोंद ठेवली आणि त्यावर पुस्तकच लिहिलं. शिडांवरच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मला ते जास्त मोलाचं वाटतं. मासे गळाला लागतात, पण प्रवाळाजवळच्या मोठ्या माशांत एका सूक्ष्म शैवालाचं विष साठत जातं, ते शिजवून जात नाही. कुठल्या खाडीतला कुठला मासा खायचा हे तिथल्या कोळ्यालाच विचारावं लागतं.

संडासाबद्दल थोडक्यात: समुद्राचं पाणी हातपंपानं आत घ्यायचं आणि सगळं बाहेर किंवा साठवण टाकीत ढकलायचं. कुठे काय सोडता येतं याचे देशोदेशी नियम आहेत. लघवी आणि खारं पाणी मिळून नळीत दगडासारखा थर धरतो, मग नळी काढून आपटावी लागते. हे काम कोणाचं, हा प्रश्न लग्नाच्या वेळी कोणी विचारलेला नसतो.

खरं भांडण होतं ते नांगर टाकताना. समुद्रात असण्यापेक्षा ही जोडपी जास्त काळ कुठल्या ना कुठल्या खाडीत नांगरावर असतात, त्यामुळे प्रसंग वारंवार येतो. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची, कारण साखळी तळाशी आडवी पडली तरच नांगर जमिनीत रुततो; उभी ओढली तर तो उपटला जातो. एक जण पुढच्या टोकाला साखळीपाशी, दुसरा मागे सुकाणूवर. मध्ये चाळीस फूट, वारा आणि इंजिनाचा आवाज. पुढचा सांगतो ते मागच्याला ऐकू येत नाही, मागचा ओरडतो ते पुढच्याला अपमानास्पद वाटतं, आणि आधीपासून नांगरलेल्या नौकांवरचे लोक चहाचे कप घेऊन हा प्रयोग पाहायला बाहेर येतात. यावर हातवाऱ्यांची भाषा ठरवतात. कानाला लावायचे रेडिओही मिळतात, आणि त्यांचं बाजारातलं लाडकं नाव ‘लग्न वाचवणारं यंत्र’ असं आहे. बहुतेक नौकांवर नवरा सुकाणूवर आणि बायको जड नांगराशी दिसते. ही वाटणी मला कधी कळली नाही. सुकाणू फिरवायला काय ताकद लागते?

त्यानंतर रात्री वारा फिरतो. दोन वाजता भोंगा वाजतो: होडी ठरल्या वर्तुळाबाहेर सरकली. दोघं अर्ध्या कपड्यांत वर, एक विजेरी घेऊन, एक इंजिनाशी. गुरख्याचं खातं ते हेच.

दुरुस्त्यांना अंत नाही. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांची बॅटरी तयार होते आणि दुबळा धातू झिजू लागतो. होडी ढकलणाऱ्या पंख्याचं कांस्य झिजू नये म्हणून त्याच्या दांड्याला जस्ताचा तुकडा लावतात, म्हणजे समुद्र आधी जस्त खातो, आणि तो तुकडा ठरावीक काळानं बदलतात. होडीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे तिथे एक झडप, आणि झडपेशेजारी दोरीनं बांधलेली लाकडी खुंटी, झडप तुटली तर ठोकायला. खर्चाचा ठोकताळा वर्षाला नौकेच्या किमतीच्या दहा टक्के असा सांगतात. पार्डींनी इंजिन नाकारलं ते बरंचसं याच हिशेबानं: जे नाही ते बिघडत नाही. ते कुठे काही महिने थांबत, लॅरी इतरांच्या नौका दुरुस्त करत, लिन लिहीत, आणि गाठीला पैसे जमले की निघत.

वादळं येतात, पण पुस्तकांत येतात तितकी नाहीत. ऋतू पाहून चालणाऱ्याला वर्षानुवर्षं मोठं वादळ लागत नाही. लागलंच तर पार्डींचा आग्रह पळण्याऐवजी थांबण्याचा होता. शीड अगदी थोडं ठेवून सुकाणू एका बाजूला बांधलं की होडी वाऱ्याला तिरकी होऊन जवळजवळ जागीच डुलते, आणि तिच्या सरकण्यानं वाऱ्याकडे एक गुळगुळीत पट्टा तयार होतो, त्यात लाटा मोडतात. आत चहा करता येतो. सगळ्यांनाच हे साधत नाही. ब्रिटिश हिंदी सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर माइल्स स्मीटन आणि त्यांच्या पत्नी बेरिल (१९३९ मध्ये तेनझिंग यांच्याबरोबर तिरिच मीर शिखरावर चढाईचा प्रयत्न केलेलं हे जोडपं) १९५७ च्या फेब्रुवारीत केप हॉर्नकडे जात असताना त्यांची नौका एका लाटेनं शेंडी खाली, शेपूट वर अशी उलटली. सुकाणूवरच्या बेरिल समुद्रात फेकल्या गेल्या, गळपट्टीचं हाड मोडलं, तरी पोहत परत आल्या आणि बादलीनं पाणी उपसायला लागल्या. डोलकाठ्या गेलेल्या. त्यांच्याबरोबरच्या तिसऱ्या खलाशाला सुतारकाम येत होतं म्हणून होडी चिलीला लागली. त्याच वर्षाच्या शेवटी, दुरुस्ती करून, आता फक्त दोघं पुन्हा त्याच मार्गावर निघाले. पुन्हा उलटले.

बेरिलकडे पाहून एक गोष्ट कळते, ती नौकानयनाच्या शाळा आता आवर्जून शिकवतात: दोघांपैकी कोणीही केवळ प्रवासी असून चालत नाही. ज्याला शिडं कळतात त्याचाच पाय मोडला तर? दोघींनी मिळून सगळं सांभाळल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे: आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ ला ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन करत २९ मे २०२५ ला परतल्या. ५६ फुटांची नौका, फक्त दोघी. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती बांधली गेली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ही तिथलीच. दोघींची मोहीम नौदलाची होती, संसाराची नव्हे, तरी पाळ्यांचं गणित तेच.

शेवटी पंचांग आणि कागदपत्रं. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातला कोळी परंपरेनं होडी बाहेर काढत नसे, तसाच जगभरच्या या नौकांचा वार्षिक क्रम वाऱ्यांनी ठरवलेला आहे. अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा कॅरिबियनमधल्या नौका दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादकडे सरकतात. विमा कंपन्याच तशी अट घालतात. दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हा धोक्याचा काळ. फिजीत त्या दिवसांत नौका जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत उतरवून ठेवतात, बाकीच्या न्यूझीलंड गाठतात. नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा, तो उतरवायची परवानगी मिळेपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत बाहेरच्यांना १८० दिवसांतले ९०च दिवस राहता येतं, त्यामुळे भूमध्य समुद्रातली अमेरिकन जोडपी दिवस मोजत ट्युनिशिया नाहीतर तुर्कस्तानला पळतात. भारतीय पासपोर्टवर निघालेल्यांना हवामानाच्या आधी व्हिसाचा अंदाज घ्यावा लागेल.

न्यूझीलंडचे अधिकारी तर कोठारच तपासतात. मध, ताजी फळं-भाज्या, अंडी, मांस, काही कडधान्यं जप्त होतात. म्हणून टोंगा किंवा फिजीहून निघालेल्या नौकांवर शेवटच्या दोन-तीन दिवसांत महिनोन्‌महिने पुरवून वापरलेला साठा संपवायची घाई उडते, आणि लाटा कितीही असोत, सकाळ-संध्याकाळ अंडी शिजतात.